वर बांध आहेत, तरी तळं गाळानं भरतंय. माती नेमकी कुठून येते?

उतारवाट:

नमस्कार. एका छोट्या पाणलोटाबद्दल विचारायचं आहे. आधी आकडे देतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज बांधावा लागणार नाही.

पाणलोट १२ हेक्टरचा. त्यातलं सुमारे ७ हेक्टर नांगराखाली, उतार ३ ते ५ टक्के. वरचं ५ हेक्टर चराईचं माळरान, उतार ८ ते १० टक्के. पायथ्याला तळं: पसारा साधारण २,००० चौरस मीटर, भिंतीजवळ खोली ३ मीटर, साठा ४,००० घनमीटरच्या आसपास. तीन पावसाळ्यांपूर्वी तळ्यातला सगळा गाळ उपसला, पाणी आत शिरतं त्या तोंडापासून भिंतीपर्यंत. तोंडाशी दीड मीटर खोदाई झाली होती. आता तळ कोरडा असताना जागोजाग खड्डे घेऊन मोजलं, तर सरासरी ४५ सेंटिमीटर गाळ पुन्हा बसलेला आहे.

शेतात समपातळी बांध (उताराला आडवे, एकाच पातळीत घातलेले मातीचे बांध) आहेत, एकमेकांपासून ६० मीटरवर. त्यांतले दोन दर वर्षी फुटतात आणि जवळपास त्याच जागी फुटतात. शेताच्या कडेनं एक घळ तळ्यापर्यंत येते, तिच्या तळाला ४ टक्के उतार आहे. तीन वर्षांपूर्वी ती १२० मीटर लांब, वर २ मीटर रुंद आणि मीटरभर खोल होती. आज १८० मीटर लांब, ३ मीटर रुंद, दीड मीटर खोल आहे.

बांधांची संख्या वाढवावी, की तळ्याच्या तोंडाशी गाळ अडवणारा खड्डा करावा? पावसानंतर तळ्याचं पाणी आठवडाभर गढूळच राहतं, ते का? आणि उपसलेला गाळ शेतात पसरणं कितपत बरं?

गाळमाप:

काहीही बांधण्याआधी मातीचा हिशेब मांडू या. तुमच्या आकड्यांतून तो बराचसा निघतो.

२,००० चौरस मीटरवर ४५ सेंटिमीटर म्हणजे ९०० घनमीटर. तळ्याचा तळ काठापेक्षा लहान असतो, त्यामुळे हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच आहे असं समजा. पाण्याखाली बसलेला गाळ पोकळ असतो. त्याचा एक घनमीटर वाळवला तर साधारण एक टन माती हाती येते. म्हणजे तीन वर्षांत ९०० टन, वर्षाला ३०० टन.

आता घळ. तिचा तळ वरच्या रुंदीच्या निम्मा धरला तर तीन वर्षांपूर्वीचा छेद दीड चौरस मीटर येतो, त्याला १२० मीटरनं गुणलं की १८० घनमीटर. आजचा छेद ३.३७ चौरस मीटर, गुणिले १८०, म्हणजे जवळपास ६०७. फरक ४२७ घनमीटर. न हललेली माती गाळापेक्षा घट्ट असते, घनमीटरला सुमारे १.४ टन. तेव्हा घळीतून ६०० टन माती गेली, वर्षाला २०० टन. घळ थेट तळ्यात उघडते, वाटेत गाळ थांबायला जागा नाही, त्यामुळे त्यातलं बहुतेक सगळं तळ्यातच आलं.

म्हणजे तळ्यातल्या गाळाचा दोन तृतीयांश भाग एकट्या घळीचा आहे. शेतं आणि माळ मिळून उरलेले १०० टन, म्हणजे हेक्टरी ८ टन. एक हेक्टरवरून एक मिलिमीटर थर गेला की १० घनमीटर, वजनात सुमारे १३ टन माती जाते. तुमच्याकडे तळ्यापर्यंत पोचणारा थर अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा वर आहे. तो डोळ्यांना दिसतच नाही, म्हणूनच अशा पातळ थरानं होणाऱ्या, सालकाढी धुपीकडे लोकांचं लक्ष जात नाही. शिवाय शेतातून सुटलेली सगळी माती तळ्यात येत नाही. बरीचशी बांधाच्या पोटाशी, उतार मंदावतो तिथे, गवताच्या पट्ट्यात बसते. शेताचं खरं नुकसान म्हणून या आकड्याच्या दुप्पटही असू शकतं.

वजनावरून मात्र महत्त्व ठरवू नका. घळ खोलवरची मुरमाड, निर्जीव माती आणते. शेतातून जाते ती वरची: ह्यूमस (कुजलेला काडीकचरा), बारीक कण आणि त्यांना चिकटलेलं स्फुरद (फॉस्फरस). तळ्याचा साठा घळ खाते आणि जमिनीचा कस पावसाचा मारा नेतो. दोन्ही आजार वेगळे, औषधंही वेगळी.

हिशेबाची खातरजमा करायची असेल तर तीन नमुने घ्या: शेताचा वरचा ५ सेंटिमीटर थर, घळीच्या भिंतीतली मीटरभर खालची माती आणि तळ्यातला गाळ. ओले करून रंग शेजारी शेजारी ठेवून बघा. मुळांचे तुकडे, काडीकचरा, चुनखडीचे खडे कशात आहेत ते पाहा. प्रयोगशाळा हाताशी असेल तर सीझियम-१३७ हे किरणोत्सारी मूलद्रव्य मोजतात. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांतून तो जगभर जमिनीवर पडला आणि वरच्या थराला घट्ट चिकटून राहिला. गाळात तो जवळपास नसेल तर माती खोलातून आली आहे.

खोलपाया:

वरचा हिशेब पटला. त्यात एक गोष्ट जोडतो, कारण माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथे आहे. तळं उपसताना तोंडाशी दीड मीटर खोदलं, असं तुम्ही लिहिलं आहे. घळ वाढली तीही त्याच तीन वर्षांत.

ओहोळाचा तळ त्याच्या शेवटच्या पातळीवर अवलंबून असतो. ती पातळी दीड मीटरनं खाली नेली की तोंडाशी एक पायरी तयार होते. पाणी त्या पायरीवरून धबधब्यासारखं पडतं, पायाशी खड्डा पाडतं, खालून माती पोखरली गेली की वरचा कडा कोसळतो आणि पायरी मागे सरकते. अशी ती वर वर चढत जाते. तिच्यामागे घळीचा तळ खोल होतो, उंच झालेल्या भिंती स्वतःच्या वजनानं ढासळतात आणि रुंदी वाढते. लांबी, रुंदी, खोली तिन्ही एकदम वाढणं ही त्याचीच खूण. नुसतं वरून जास्त पाणी आलं असतं तर घळीचा माथा, म्हणजे तिचं वरचं टोक, पुढे सरकला असता, पण तळाचा भाग एवढा खोल झाला नसता. नदीपात्रात वाळूचे खोल खड्डे घेतल्यावर वरच्या अंगाचे पुलांचे पाये उघडे पडतात, तिथेही हेच घडतं.

म्हणून आधी तळ्याच्या तोंडापासून घळीत वर चालत जा आणि तळात पायऱ्या दिसतात का ते बघा. प्रत्येक पायरीची उंची आणि तोंडापासूनचं अंतर लिहून ठेवा. पायरी अजून चालती असेल तर माथ्यावरचं कुठलंही काम टिकणार नाही. खालून येणारी पायरी ते पाडेल.

पहिलं काम तोंडाशी. घळ तळ्यात शिरते तिथे जुन्या पातळीला दगडाचा पक्का उंबरठा घाला. पाया निदान अर्धा मीटर खाली, दोन्ही काठांत अर्धा ते पाऊण मीटर आत घुसवलेला. तळ्याच्या बाजूला १ ला ३ उतारानं (एक मीटर खाली, तर तीन मीटर आडवं) दगडाची फरसबंदी करा, म्हणजे पाणी उडी न मारता घसरत उतरेल.

त्यानंतर घळीत सैल दगडाचे बांध. अंतराचा नियम सोपा आहे: खालच्या बांधाच्या सांडव्याची (पाणी वरून जायला मधे ठेवलेल्या खोलगट जागेची) पातळी वरच्या बांधाच्या पायथ्याशी यायला हवी. ४ टक्के उतार आणि ८० सेंटिमीटर उंची असेल तर २० मीटरवर एक. उंची सांडव्यापर्यंत मोजायची, टोकापर्यंत नाही. मधला भाग कडांपेक्षा किमान ३० सेंटिमीटर खोलगट ठेवा. बांधाच्या खालच्या अंगाला उंचीच्या दीडपट लांब दगडी फरस द्या आणि ती तळात पुरा, वर नुसती पसरू नका. दगड बहुतेक २० सेंटिमीटरहून मोठे हवेत. वरच्या अंगाला, दगड आणि मातीच्या मध्ये, बारीक खडी किंवा गाळणकापड हवंच. ते नसलं की दगडांच्या फटींतून माती शोषली जाते आणि बांध उभा राहूनही मागे पोकळी पडते.

बांध पडतात ते ठराविक चार कारणांनी. मधला भाग सपाट ठेवला की पाणी टोकाकडे सरकतं आणि काठ कापून बांधाला वळसा घालतं. हे सर्वांत जास्त दिसतं. फरस नसली तर पायथा उकरला जातो. गाळणथर नसला तर वर सांगितलेली पोकळी. आणि चौथं, चार छोट्यांऐवजी एकच उंच बांध: पडणाऱ्या पाण्याचा जोर उंचीबरोबर वाढतो, त्यामुळे तो पडला की साठवलेला सगळा गाळ एकाच पुरात खाली येतो.

माथा शेवटी. घळीत येणारं पाणी वळवायचं असेल तर चर माथ्यापासून घळीच्या खोलीच्या निदान चौपट अंतरावर घ्या, नाहीतर पाझरून तो कडाच सैल होतो. वळवलेलं पाणी दाट गवताच्या पट्ट्यावरच सोडा. उघड्या जमिनीवर सोडलंत तर दुसरी घळ सुरू होईल. माथ्याचा उभा कडा १ ला २ असा सपाट करून दगड किंवा गवत लावा. घळीत कचरा आणि सैल माती भरू नका, ती पहिल्याच पावसात तळ्यात जाते.

एक तपासणी मात्र दगड आणण्याआधीच करा. घळीच्या भिंतीतलं वाटाण्याएवढं कोरडं ढेकूळ काचेच्या भांड्यात, पावसाच्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्यात, न हलवता सोडा. नुसतं फुटून ढीग झालं तर ठीक. भोवती दुधासारखा धूसर ढग पसरला तर माती विखुरणारी आहे, म्हणजे सोडियममुळे तिचे चिकणकण पाण्यात आपोआप सुटतात. एमर्सन यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या चाचणीचं हे घरगुती रूप. ढग दिसला तर वरच्या सल्ल्यात बदल करावा लागेल.

आच्छादन:

घळीबद्दल खोलपाया यांच्याशी पूर्ण सहमत. मी फक्त शेताबद्दल लिहिते.

बांध ६० मीटरवर म्हणजे फार लांब. उभं अंतर, म्हणजे दोन बांधांच्या पातळीतला फरक, मीटरमध्ये काढायचं नेहमीचं सूत्र: उताराची टक्केवारी भागिले ३, अधिक २, गुणिले ०.३. चार टक्क्याला उत्तर एक मीटर येतं, म्हणजे जमिनीवर दोन बांधांत २५ मीटर अंतर. पण लगेच नवे बांध घालू नका. आहेत ते का फुटतात ते आधी शोधा.

त्याच जागी फुटतात याचा अर्थ माथा तिथे खचलेला आहे, किंवा आखणी करतानाच तो भाग समपातळीतून खाली गेला आहे. पाण्याच्या नळीची लेव्हल घेऊन बांधाच्या माथ्यावर दर ५ मीटरला पातळी घ्या. समपातळी बांध पाणी अडवतो, त्यामुळे अख्ख्या बांधाचं पाणी सर्वांत खालच्या बिंदूकडे धावतं. १० सेंटिमीटरचा खड्डासुद्धा पुरेसा होतो. त्या जागी आणखी माती टाकणं हा उपाय नव्हे. पाण्याला ठरलेली वाट द्यायची.

सांडव्याचा हिशेब असा. दोन बांधांमधला पट्टा ६० मीटर रुंद आणि २०० मीटर लांब असेल तर क्षेत्र १.२ हेक्टर. पावसाचा जोर तासाला ६० मिलिमीटर आणि निम्मं पाणी वाहून जातं असं धरा. ०.५ गुणिले ६० गुणिले १.२ भागिले ३६० (हा भाजक फक्त एककं जुळवण्यासाठी), म्हणजे सेकंदाला ०.१ घनमीटर. सांडव्यावर २० सेंटिमीटर पाणी चढू दिलं तर एक मीटर रुंदीतून ०.१५ घनमीटर जातं. एक मीटर रुंद दगडी सांडवा पुरतो. बांधाचा माथा सांडव्याच्या उंबऱ्यापेक्षा निदान ४० सेंटिमीटर वर हवा. पावसाचा जोर जवळच्या नोंदींतून घ्या, माझा आकडा फक्त रीत दाखवण्यासाठी आहे. माती भेगाळणारी चिकण असेल तर समपातळी बांध नकोच. भेगेतून पाणी आरपार जातं आणि आतून भोक मोठं होत जातं. तिथे ०.२ ते ०.४ टक्के ढाळ दिलेले बांध घालून पाणी सावकाश बाजूच्या गवती वाटेनं काढावं.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. बांध उताराची लांबी कमी करतो, पण धूप थेंबापासून सुरू होते. मोठा थेंब सेकंदाला ८-९ मीटर वेगानं आपटतो, ढेकूळ फोडतो, सुटे बारीक कण छिद्रांत बसून वर पापडी धरते. मग पाणी मुरत नाही, वाहतं. बांध या साखळीच्या शेवटच्या कडीवर काम करतो.

विशमायर आणि स्मिथ यांच्या धूप-समीकरणात (१९७८ची आवृत्ती) हे आकड्यांत दिसतं. उताराची लांबी निम्मी केली तर ५ टक्के उतारावर दर हेक्टरी धूप सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते, निम्म्यानं नाही. उतारच ५ ऐवजी १० टक्के असेल तर ती अडीचपट होते. उताराला हात लावणं कठीण. पण जमिनीवर पिकाचे अवशेष ३० टक्के झाकण राहील एवढे ठेवले तर उघड्या जमिनीच्या तुलनेत धूप साधारण निम्म्यावर येते, तीही बांधाविना. झाकण मोजायला दोरीला ५० गाठी मारा, ओळींना तिरपी ताणा, किती गाठींखाली काडी आहे ते मोजा आणि दुप्पट करा. १५ गाठी म्हणजे ३० टक्के.

नांगरट उताराला आडवीच. उभ्या नांगरटीत सऱ्या पाण्याच्या पाटासारख्या वागतात. शिवाय नांगर स्वतः माती खाली ढकलतो. टेकाडांचे माथे पांढरे किंवा फिके पडलेले दिसतात, ते पुष्कळदा पावसानं नव्हे, वर्षानुवर्षांच्या नांगरटीनं. माळावर चराई थोपवा, निदान पहिल्या पावसापासून गवत वीतभर वाढेपर्यंत. बांधांच्या मध्ये वाळ्याचे आडवे पट्टे लावले तर फुटवे १० ते १५ सेंटिमीटरवर लावा. अंतर जास्त ठेवलं तर फटींतून पाणी जोरात निघतं आणि पट्टाच ओघळ पाडतो. मधल्या मेलेल्या जागा दुसऱ्या पावसाळ्यात भरून काढायच्या.

उतारवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. तपासणी केली, निष्कर्ष असे.

घळीच्या तळात दोन पायऱ्या सापडल्या. एक तोंडापासून ३५ मीटरवर, ६० सेंटिमीटर उंच. दुसरी ११० मीटरवर, ४० सेंटिमीटर. दोन्हींच्या खाली ताजं कोसळलेलं आहे.

ढेकूळ चाचणीत शेताच्या मातीचा नुसता ढीग झाला. घळीच्या भिंतीतल्या ढेकळाभोवती दहा मिनिटांत दुधी ढग. बरणीत गाळ हलवून ठेवला: ४० सेकंदांत चौथा भाग बसला, दोन तासांपर्यंत आणखी निम्मा, वरचं पाणी तिसऱ्या दिवशीही गढूळ.

मग गाळाचा खड्डा करायचा की नाही? आणि घळीचे बांध कसे बदलायचे?

निवळपाणी:

खड्ड्याचा हिशेब करून दाखवतो, उत्तर त्यातच आहे. कण खाली बसायचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, हा स्टोक्सचा नियम. साधारण २० अंश तापमानाच्या स्थिर पाण्यात ०.१ मिलिमीटरची बारीक वाळू सेकंदाला सुमारे ८ मिलिमीटर उतरते, ०.०५ चा कण २.२ मिलिमीटर, ०.०२ चा ०.३६ मिलिमीटर. ०.००२ चा चिकणकण मीटरभर उतरायला तीन दिवसांहून जास्त घेतो. तुमची बरणी हेच सांगते आहे.

खड्ड्याचं किमान क्षेत्रफळ म्हणजे पाण्याची आवक भागिले बसण्याचा वेग, त्यावर २० टक्के जास्त. १२ हेक्टर, तासाला ६० मिलिमीटर, ४० टक्के वाहून जाणं धरलं तर आवक सेकंदाला ०.८ घनमीटर. ०.१ मिलिमीटरची वाळू अडवायला १२० चौरस मीटर पुरतात. ०.०५ साठी सुमारे ४४०. ०.०२ साठी २,६०० च्या वर, म्हणजे तुमच्या तळ्यापेक्षा मोठा खड्डा. चिकणकणांसाठी हेच गणित पाणलोटापेक्षा मोठा आकडा देतं. खोली वाढवून यात फरक पडत नाही, क्षेत्रफळच लागतं. हे बरेच जण चुकतात.

तेव्हा ६ बाय २० मीटरचा खड्डा करा, पण तो फक्त वाळूसाठी आहे हे धरून. तुमच्या गाळाचा फार तर चौथा भाग त्यात अडकेल आणि तो दर वर्षी सहज काढता येईल, तळं रिकामं न करता. निम्मा भरला की उपसा. भरलेल्या खड्ड्यातून पुढच्या पुरात बसलेली वाळूही उचलली जाते. आणि तो खोदून करू नका! खोलपाया यांनी सांगितलेली चूक पुन्हा होईल. उंबरठ्याच्या तळ्याकडच्या बाजूला, तळ्याच्या वरच्या टोकात, कमी उंचीचा आडवा बांध घालून तेवढा भाग वेगळा करा.

गढूळपणाचं कारण विखुरणारी माती. एरवी चिकणकण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि लवकर बसतात. सोडियमवाले कण एकमेकांना ढकलतात. पाण्याचा वेग आणि कणांचा आकार यांचं नातं दाखवणाऱ्या युलस्ट्रोम यांच्या १९३५ च्या आलेखातही एक विसंगती ठळक दिसते: घट्ट बसलेली चिकणमाती सोडवायला वाळूपेक्षा जास्त वेग लागतो, पण एकदा सुटली की जवळपास थांबलेल्या पाण्यातही ती तरंगत राहते. म्हणून चिकणमाती जागेवरच राखायची असते. खाली अडवू म्हटलं तर हाती काही लागत नाही.

गढूळ पाणी नुसतं दिसायला वाईट नसतं. उजेड खाली पोचत नाही, पाणवनस्पती मरतात, त्यांनी दिलेला प्राणवायू थांबतो. बारीक गाळ खडीच्या फटी बुजवतो, तिथे घातलेल्या माशांच्या अंड्यांना वाहतं पाणी मिळत नाही आणि ती गुदमरतात. शेतातून आलेलं स्फुरद गाळाबरोबर तळाशी बसतं. तळचा प्राणवायू संपला की ते पुन्हा पाण्यात सुटतं आणि शेवाळाचा थर येतो, कधी कधी धूप थांबून वर्षं लोटल्यावरही.

दुसरं टोकही लक्षात ठेवण्यासारखं आहे. गाळ अडला की खालच्या प्रवाहाला तो मिळत नाही. गाळाविना आलेलं पाणी पात्रातूनच माती उचलतं. १९७० मध्ये पूर्ण झालेल्या आस्वान धरणानं नाईलचा जवळजवळ सगळा गाळ अडवला आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा समुद्र आणखी वेगानं खाऊ लागला. उलट चीनमध्ये पीत नदीवर सानमेनशिया धरणात १९६० मध्ये पाणी अडवलं, तेव्हा गाळ इतक्या वेगानं बसला की १९६२ मध्येच साठवणीची पद्धत बदलावी लागली आणि पुढे तळातून गाळ काढायला बोगदे नि खालचे दरवाजे करावे लागले. तुमच्या तळ्याचा आकार लहान आहे, नियम तेच.

खोलपाया:

ढग दिसला म्हणजे बदल करायला हवा. विखुरणाऱ्या मातीत बांधामागे पाणी तुंबवणं धोक्याचं. तुंबलेलं पाणी काठात शिरतं, आतून बोगदा पाडतं आणि बांधाच्या बाजूनं निघतं. बाहेरून काही दिसत नाही, मग एके दिवशी काठ खचतो.

म्हणून बांधांची उंची ८० ऐवजी ५० सेंटिमीटर ठेवा, अंतर साडेबारा मीटरवर येईल. १८० मीटरच्या घळीत १४-१५ बांध होतील. ते गळके असू द्या, पाणी काही तासांत निघून गेलं पाहिजे. टोकं काठात घुसवायला खोदलेल्या चरात तीच माती परत भरू नका. शेताकडची न विखुरणारी माती आणा आणि १० सेंटिमीटरच्या थरांनी, ओलसर असताना ठोकून बसवा. दोन्ही पायऱ्यांशी आधी एकेक बांध असा घाला की त्याचा सांडवा पायरीच्या माथ्याशी समपातळीत येईल. ६० सेंटिमीटरच्या पायरीला तेवढी उंची लागेलच. तिथे फरस दुप्पट लांब करा.

भिंती १ ला २ पर्यंत कललेल्या करून त्यांवर २० सेंटिमीटर चांगली माती आणि लगेच गवत. उघडी पडलेली विखुरणारी माती पावसात ठेवू नका. ज्या आठवड्यात उतार कराल त्याच आठवड्यात झाका. जिप्सम सोडियम हटवून कण पुन्हा एकत्र आणतं, पण मात्रा माती तपासूनच ठरवा आणि ते वरून न फेकता मातीत मिसळा.

गाळमाप:

गाळ शेतात टाकण्याचा प्रश्न राहिला होता. दोन सेंटिमीटर थर म्हणजे हेक्टरी २०० घनमीटर. ९०० घनमीटर गाळ साडेचार हेक्टरला पुरतो. पण तुमच्या गाळाचा दोन तृतीयांश भाग घळीतला, म्हणजे खोलातला आणि सोडियमवाला आहे. त्याला खत समजू नका. सामू (पीएच), विद्युतवाहकता (त्यावरून क्षार कळतात) आणि विनिमयक्षम सोडियमची, म्हणजे मातीच्या कणांना धरून असलेल्या सोडियमची, टक्केवारी तपासून घ्या. सोडियम १५ टक्क्यांवर असेल तर तो गाळ शेतात नेऊच नका, पापडी धरेल आणि धूप वाढेल. कमी असेल तरी भारी जमिनीवर नको, हलक्या रेताड जमिनीवर पातळ थर देऊन मिसळून टाका. भिंतीजवळचा गाळ जास्त बारीक, तोंडाजवळचा भरड, त्यामुळे नमुने वेगवेगळे घ्या. शेतकऱ्यांना द्यायचा तर कुठला गाळ कुठून आला ते सांगून द्या.

काम झाल्यावर मोजत राहा. एक सेंटिमीटर जाडीच्या, अर्धा मीटर लांब सळया शेतात आणि घळीच्या भिंतींत रोवा, १० सेंटिमीटर उघड्या ठेवा. दर पावसाळ्याआधी आणि नंतर उघडा भाग मोजा. शेतात निदान २० सळया हव्यात, एक-दोन सळयांच्या आकड्यावर काहीच ठरत नाही. नांगरट झाली की पुन्हा शून्य धरा. तळ्याच्या तळात तीन-चार ठिकाणी खुणेचे खांब उभे करा. आणि उंबरठ्याच्या माथ्याची पातळी शेजारच्या न हलणाऱ्या खडकावर रंगानं लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तळं उपसायला जो येईल त्याला त्याखाली खोदायचं नाही हे दिसेल.